कॅमेरा निघून गेल्यावर कोण थांबले?

गेल्या पावसाळ्यात रहिमतपूर येथे आमच्या काही कुटुंबांची एक लहानशी बैठक भरली होती. मारिया मातेच्या जन्माचा सण जवळ आला होता आणि त्यानिमित्त मुलींसाठी काय करावे, एवढाच विषय होता. एका उत्साही गृहस्थांनी योजना मांडली. रहिमतपूर, कोरेगाव आणि आसपासच्या खेड्यांतील आमच्या तीसेक मुलींची गायनस्पर्धा घ्यावी. तीन फेऱ्या ठेवाव्यात. प्रत्येक फेरीत काही मुली गाळाव्यात. शेवटी उरतील त्या पाच जणींना एक झकास नाव द्यावे, एकसारखे पोशाख शिवावेत, त्यांचे एक गाणे ध्वनिमुद्रित करावे आणि सणाच्या संध्याकाळी त्यांना मंचावर उभे करावे. परीक्षक मुंबईहून बोलवावेत, मते मोबाईलवरून घ्यावीत, खर्च एखाद्या दुकानदाराने सोसावा आणि फलकावर त्याच्या दुकानाचे नाव ठळक अक्षरांत असावे. "फादर, टीव्हीवर असतं ना, अगदी तसं करू," असे म्हणून ते खाली बसले आणि टाळ्या पडल्या.

मी विरोध केला. तेव्हा मागच्या बाजूने एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "फादरांना पोरींनी नाचल्या-गायलेलं खपत न्हाय." ते वाक्य मला लागले. ते खोटे होते. आणि खोटे असूनही खरे वाटावे अशी आम्हा धर्मगुरूंची जुनी कीर्ती आहे. बैठक निर्णयावाचून उठली. त्या वर्षी स्पर्धाही झाली नाही आणि गाणेही झाले नाही, आणि दोहोंचा दोष माझ्या पदरी पडला. यंदा तोच विषय पुन्हा निघणार आहे. त्या दिवशी मला जे धड सांगता आले नाही ते सुज्ञ वाचकांपुढे मांडावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

वाद कशाशी नाही, हे आधी स्पष्ट करतो. मुलींनी गावे की नाही, हा माझ्या लेखी वादाचा विषयच नाही. त्यांनी भजन गावे, भावगीत गावे, पॉप गावे, हवे तर ढोलाच्या ठेक्यावर गावे. माझा वाद आहे तो एका विशिष्ट रीतीशी, की जी माणसे गोळा करते, त्यांची छाननी करते, त्या छाननीचाच तमाशा करून विकते, आणि शेवटी जी मंडळी निवडली जातात त्यांच्यासाठी मात्र तिच्याजवळ वेळ उरत नाही. ही रीत नवी नाही. तिचा इतिहास आहे, तिच्या तारखा आहेत, आणि आपल्या देशात तिचे एक ठळक उदाहरण होऊन गेले आहे.

२००२ साली मी नुकताच दीक्षा घेतलेला धर्मगुरू होतो आणि मुलींच्या एका वसतिगृहाची आध्यात्मिक जबाबदारी माझ्याकडे होती. संध्याकाळची प्रार्थना आटोपली की मुली दूरचित्रवाणीपुढे गर्दी करीत. त्या वर्षी 'चॅनेल व्ही' या वाहिनीवर 'पॉपस्टार्स' नावाचा कार्यक्रम चालू होता. देशातील तरुण गायिकांमधून निवड करीत करीत पाच जणींचा एक गट तयार करायचा, असा त्याचा बेत होता. कार्यक्रमाच्या नावातच एका शीतपेयाचे नाव जोडलेले होते, हे त्या काळी आम्हा कोणालाच खटकले नाही. अखेरीस पाच जणी निवडल्या गेल्या: सीमा रामचंदानी, प्रतीची महापात्र, नेहा भसीन, अनुष्का मनचंदा आणि महुआ कामत. गटाला नाव मिळाले 'व्हीवा'. त्याच वर्षी त्यांचा पहिला संग्रह बाजारात आला. वसतिगृहातील मुलींनी आपापसांत पाच भूमिका वाटून घेतल्या होत्या. कपडे वाळत घालताना, भांडी घासताना त्याच गाण्यांच्या ओळी ऐकू येत, आणि खरे सांगायचे तर मलाही त्या पाठ झाल्या होत्या.

पुढे काय झाले? महुआ कामत गटातून बाहेर पडली. २००३ साली दुसरा संग्रह आला. त्यानंतर दोनेक वर्षांत 'व्हीवा' हे नाव विरून गेले. ना भांडणाचा गाजावाजा, ना निरोपाचा समारंभ. वसतिगृहातील मुलींना कळलेसुद्धा नाही की ज्यांच्या भूमिका त्यांनी वाटून घेतल्या होत्या तो गट आता उरलेला नाही. त्या वेळेपर्यंत पडद्यावर दुसरी निवड सुरू होऊन संपलीही होती. २००३ सालच्या दुसऱ्या पर्वातून दोन मुली आणि दोन मुलगे असा चौघांचा 'आसमा' नावाचा गट निघाला होता, आणि तोही फार काळ एकत्र राहिला नाही. २००४ पासून 'इंडियन आयडल' आले आणि गटाची भानगडच नको, एकेकट्यालाच निवडू आणि एकेकट्यालाच गाळू, असा सोपा मार्ग सापडला. ज्या वाहिनीने हे सारे सुरू केले ती 'चॅनेल व्ही'सुद्धा २०१८ साली आपल्या देशात बंद झाली.

यावर आमच्यातील काही ज्येष्ठ मंडळी समाधानाने मान डोलावतील. "बघा, पोरींना मंचावर चढवले की असेच व्हायचे. उथळ संगीत, उथळ आयुष्य." या ज्येष्ठांना मी विनयाने विचारतो की त्या मुलींचे कोणते वर्तन तुम्हाला उथळ दिसले? अनुष्का मनचंदा तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती, नेहा भसीन एकोणीस-वीस वर्षांची. त्यांना गाता येत होते म्हणूनच त्या तेथवर पोहोचल्या होत्या. नेहा भसीनने पुढे 'फॅशन', 'मेरे ब्रदर की दुल्हन' या चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले, आणि 'सुलतान' चित्रपटातील 'जग घूमेया' या गाण्यासाठी २०१७ साली तिला पार्श्वगायनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. अनुष्काने 'गोलमाल' या चित्रपटाचे शीर्षकगीत गायिले. पुढे चित्रपटाच्या वाटेवरून दूर होऊन 'किस नुका' या नावाने ती स्वतःचे संगीत करू लागली. 'आसमा'मधील नीती मोहन आज चित्रपटसृष्टीतील नावाजलेली गायिका आहे. तेव्हा दोष गळ्यात नव्हता, कष्टात नव्हता आणि चारित्र्यात तर नव्हताच. ज्यांनी त्यांना हसण्यावारी नेले त्यांनी अपराध्याला सोडून वाटसरूला धरले.

उलट बाजूने आमचे उत्साही गृहस्थ आता म्हणतील, "पाहा फादर! म्हणजे त्या कार्यक्रमामुळेच या मुली पुढे आल्या. संधी मिळाली, तिचे सोने झाले." हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. त्या मुली पुढे आल्या, पण कशा? एकेकट्या, दुसऱ्या दारातून, चित्रपटसृष्टीत आपली जागा वर्षानुवर्षे झगडून मिळवून. ज्या गटासाठी त्यांची निवड झाली तो गट त्यांना तारू शकला नाही. कार्यक्रमाने जे करण्याचे वचन दिले होते, म्हणजे पाच आवाजांचा एक आवाज करण्याचे, ते सिद्धीस गेले नाही. 'पुलावरून पडली तरी पोहून बाहेर आली' म्हणून पुलाच्या ठेकेदाराचा सत्कार करायचा नसतो.

ही रीत आली कोठून, हेही आपल्या कुटुंबांना ठाऊक असावे. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये 'पॉपस्टार्स' या नावाची पहिली मालिका झाली. तिच्यातून पाच मुलींचा 'ट्रूब्लिस' हा गट निघाला. त्यांचे पहिलेच गाणे त्या देशातील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि थोड्याच काळात गट संपला. मग हा आराखडा परदेशी विकला गेला. ऑस्ट्रेलियात त्यातून 'बार्डो' हा मुलींचा गट निघाला. तो २००२ पर्यंत टिकला. इंग्लंडमध्ये २००१ साली मुले-मुली मिळून पाच जणांचा 'हिअरसे' हा गट निघाला. त्याच्या पहिल्या गाण्याच्या पाच लाखांहून अधिक प्रती पहिल्या आठवड्यातच खपल्या. पुढच्या जानेवारीत एक गायिका बाहेर पडली आणि २००२ च्या ऑक्टोबरमध्ये गटच मोडला. वाचकहो, ही तारीख लक्षात घ्या. ज्या वर्षी हा प्रयोग इंग्लंडात कोसळला त्याच वर्षी तो आपल्याकडे मोठ्या कौतुकाने मांडला गेला. देश बदलला, भाषा बदलली, मुली बदलल्या. शेवट तेवढा बदलला नाही. एका शेतात पीक जळले तर शेतकऱ्याची चूक असेल. चार शेतांत तेच बियाणे जळाले तर बियाण्याकडे पाहायला हवे.

या बियाण्यात दोष कोणता? मला तो असा दिसतो. अशा कार्यक्रमात विक्रीचा माल गट हा नसतोच. विकली जाते ती निवड. मुलीचे धडधडणारे काळीज, दाराबाहेर थांबलेली आई, परीक्षकाच्या भुवया, नकार मिळाल्यावरचे रडणे, होकार मिळाल्यावरचे त्याहून मोठे रडणे, हे सगळे आठवड्यामागून आठवडे दाखविले जाते आणि त्यावर जाहिराती मिळतात. ज्या दिवशी पाच जणी निवडल्या जातात त्या दिवशी मालिकेचे काम संपते. पण गटाचे खरे काम त्या दिवशी सुरू व्हायचे असते! आपल्या गायकवृंदात जी मंडळी गातात त्यांना मी काय सांगू? शेजारणीचा श्वास कोठे तुटतो, कोणाचा षड्ज किंचित उतरतो, कोणी दमली तर कोणी सावरायचे, हे कळायला एक पावसाळा पुरत नाही. तो काळ त्या मुलींना मिळायला हवा होता. तेवढ्यात प्रेक्षक पुढच्या निवडीकडे वळले होते, कारण त्यांना गाणे ऐकण्याची नव्हे, निवड पाहण्याची सवय लावली गेली होती.

येथे प्रामाणिकपणे एक-दोन विरुद्ध उदाहरणे दिली पाहिजेत, नाहीतर माझेच म्हणणे एकांगी ठरेल. इंग्लंडचा 'स्पाइस गर्ल्स' हा गटही जाहिरात देऊन, चाचणी घेऊनच जमविलेला होता. ते साल १९९४. पण तेथे कॅमेरा नव्हता. त्या पाच जणींना एका घरात महिनोन्‌महिने एकत्र राहावे लागले. एकत्र स्वयंपाक, एकत्र भांडणे, एकत्र सराव. पुढच्या वर्षी त्यांनी ज्यांनी जमविले त्या व्यवस्थापकांनाच रामराम ठोकला आणि आपल्या मनाप्रमाणे वाट धरली. १९९६ साली त्यांचे पहिले गाणे लोकांपुढे आले तेव्हा त्या परस्परांना दोन वर्षे ओळखत होत्या. दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. २००२ च्याच अखेरीस इंग्लंडमधील 'पॉपस्टार्स'च्याच एका पुढील मालिकेतून 'गर्ल्स अलाउड' हा पाच मुलींचा गट निघाला, आणि मध्यंतरीची विश्रांती धरून तो २०१३ पर्यंत टिकला. रीत तीच असताना तो कसा टिकला? याची कारणे अनेक असतील; परंतु एक उघड आहे. 'झेनोमेनिया' या नावाने काम करणारी गीतकार-संगीतकारांची एक मंडळी त्या मुलींच्या पाठीशी उभी राहिली आणि एकामागून एक संग्रहांवर त्यांच्यासोबत काम करीत राहिली. म्हणजे प्रश्न मुलींना कोणी जमविले हा नाही. कॅमेरा निघून गेल्यावर कोण थांबले, हा प्रश्न आहे. माझ्या साऱ्या प्रतिपादनाचा गाभा एवढाच आहे.

कोणी म्हणेल की 'व्हीवा'चे दुर्दैव निराळे होते. बिगरफिल्मी पॉप संगीताचा काळच तेव्हा ओसरत होता. हे खरे आहे. १९९५ साली अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने जो बहर आणला होता तो २००० नंतर ओसरू लागला. फुकटच्या प्रती वाढल्या, कॅसेटचा धंदा बसला, आणि संगीतवाहिन्यांचा वेळ चित्रपटगीतांनी व्यापला. पण मग अधिकच गंभीर प्रश्न उभा राहतो. ओहोटी लागलेली दिसत असताना पाच पोरींना होडीत बसवून किनाऱ्यावरून टाळ्या वाजविणाऱ्यांची काही जबाबदारी होती की नव्हती? समुद्राला दोष देऊन नावाडी मोकळा होत नाही.

इतक्या लांबची उदाहरणे पुरेत. रहिमतपूरच्या स्थानकावर मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि कऱ्हाड, सांगली मागे टाकीत शेवटी मिरजेला उतरावे. त्या गावी एक घराणे होते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली निधनानंतर तेथेच विसावले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मली; धाकटी बहीण सरस्वती राणे १९१३ साली. आईवडील विभक्त झाले आणि मुले आईजवळ वाढली. मोठा भाऊ सुरेशबाबू माने, गुरू अब्दुल वहीद खाँ, रोजचा रियाज, घरच्या संगीत नाटकमंडळीचा व्याप आणि त्यातले आर्थिक हाल, अशा सगळ्यातून या बहिणी घडल्या. प्रतिष्ठित घरातील लोक बाईच्या गाण्याकडे तिरक्या नजरेने पाहत त्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि जेव्हा या दोघी बहिणींनी आयुष्याच्या उत्तरार्धात एकत्र बसून जुगलबंदी गायिली तेव्हा स्त्रियांच्या जुगलबंदीचा एक नवा पायंडा पडला.

हे मी जुन्याचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. हिराबाईंनी पैसे घेतले, तिकीट लावले, ध्वनिमुद्रिका काढल्या, नाटकात भूमिका केल्या. व्यवसाय म्हणजे पाप, असे मानणाऱ्यांना त्यांचे चरित्र हे उत्तर आहे. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की दोन स्त्रियांचा एकत्र आवाज ऐकून लोक तृप्त झाले त्याआधी त्या दोघींच्या आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे एकमेकींना ऐकण्यात गेली होती. मिरजेतच तंबोरे बनविणाऱ्या कारागिरांकडे जाऊन पाहा. पंढरपूरकडून आलेला भोपळा ते लगेच कापून तारा चढवीत नाहीत. तो पूर्ण वाळावा लागतो. ओल्या भोपळ्याला तारा ताणल्या तर तो आवाज देण्याआधीच वाकडा होतो, आणि मग भोपळ्याच्या जातीला नावे ठेवून काही उपयोग नसतो.

टीव्हीवरील स्पर्धेमुळे भले झालेली मराठी मुले मला ठाऊक नाहीत काय? ठाऊक आहेत. २००९ साली झी मराठीवरील 'लिट्ल चँप्स'च्या अंतिम फेरीत पोहोचलेली पाच मुले घराघरांत 'पंचरत्न' म्हणून लाडकी झाली, आणि ती आजही गात आहेत. पण त्या पर्वाची विजेती कार्तिकी गायकवाड ही अभंग गाणाऱ्या आणि शिकविणाऱ्या वडिलांची मुलगी होती. तिची शाळा कॅमेरा येण्यापूर्वी घरात भरत होती आणि कॅमेरा गेल्यावरही भरत राहिली. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी खुशाल स्पर्धेला जावे. ज्यांच्या घरी कोणीच नाही अशा मुलींसाठी धर्मग्राम असतो, आणि आपण नेमके त्यांनाच पहिल्या फेरीत गाळायला निघालो आहोत.

आता जी गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही, कारण ते घर त्याच खोलीत बसले होते, ती नावगाव न देता सांगतो. आमच्या भागातील एका शेतकरी कुटुंबातील सोळा वर्षांची मुलगी काही वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या निवडचाचणीसाठी पुण्याला गेली. आल्याच्या वाफ्यावरची मजुरी बुडवून वडील सोबत गेले. पहाटेपासून दुपारपर्यंत रांग. आत गेल्यावर तिने दोन ओळी म्हटल्या न म्हटल्या तोच तिच्या उच्चारांवर कोणीतरी विनोद केला, आणि कॅमेरे चालू असतानाच सगळे हसले. मी घरी गेलो तेव्हा वडील म्हणाले, "फादर, गाणं तर ऐकलंच न्हाय वो त्यांनी. त्याआधीच हसली समदी. नापास केलं असतं तर काय वाटलं नसतं." मुलगी आत स्वयंपाकघरात होती, बाहेर आली नाही. रविवारच्या मिस्सेत ती पूर्वी पहिल्या ओळीत उभी राहून गात असे. त्यानंतर ती मागच्या बाकावर बसू लागली, आणि सगळे गात असताना तिचे ओठ मिटलेले मी वेदीवरून पाहत आलो आहे.

त्या वडिलांच्या बोलण्यात जे तारतम्य आहे ते आमच्या योजनेत नाही. नापास होणे त्यांना मान्य होते. परीक्षा असते तेथे नापास होणे असतेच. सेमिनरीत आम्हीही नापास झालो आहोत. पण आम्हाला नापास करणारे प्राध्यापक दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भोजनगृहात आमच्या शेजारी बसत आणि संध्याकाळी पुन्हा शिकवायला येत. आमची पारख करायला त्यांनी कितीतरी वर्षे घेतली आणि ती पारख चव्हाट्यावर केली नाही. ज्या परीक्षकाला दुसऱ्या दिवशी शिकवायला यायचे नाही, त्याला गाळण्याचा अधिकार कोणी दिला? मुंबईहून येणारे पाहुणे संध्याकाळच्या गाडीने परत जातील. गाळलेल्या पंचवीस मुली मात्र येथेच राहणार आहेत. त्यांना रोज त्याच विहिरीवर, त्याच एसटीत, त्याच बाकावर एकमेकींचे आणि निवडलेल्या पाच जणींचे तोंड पाहायचे आहे. आणि त्या पाच जणींचे तरी काय? सण संपला, मंडप सुटला, पोशाख पेटीत गेला, की त्यांना कोण विचारणार? पुढच्या वर्षी आपण नव्या पाच जणी निवडू.

बैठकीत एकाने मला तालान्तांच्या दाखल्याची आठवण करून दिली होती. देवाने दिलेला गुण जमिनीत पुरून ठेवू नये, असे ते म्हणाले. दाखला योग्यच काढला. पण तो पुरता वाचावा. धनी आपल्या चाकरांना ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे देऊन जातो. एकालाही रिकाम्या हाताने ठेवीत नाही. आणि हिशेब मागायला तो परततो ते पुष्कळ काळाने. सकाळी तालान्त वाटून संध्याकाळी मोबाईलवर मते मोजणारा धनी त्या दाखल्यात मला तरी सापडलेला नाही. शिवाय आमच्या ज्या मुलीने आपला गुण खरोखरच जमिनीत पुरून ठेवला आहे, तो पुरायला तिला कोणी भाग पाडले, हेही आपण त्या दाखल्यापुढे उभे राहून स्वतःला विचारले पाहिजे.

नुसता विरोध करणे सोपे असते, म्हणून माझी योजनाही मांडतो. तीसच्या तीस मुलींना घ्यावे. एकीलाही गाळू नये. दुकानदाराने देऊ केलेली रक्कम पोशाख आणि फलक यांवर न घालता एका संगीतशिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनाला द्यावी. सातारा-कऱ्हाडकडे शिकविणारे जाणकार आहेत, आणि दर शनिवारी दोन तास त्यांना बोलवता येईल. दुकानदाराचे नाव शेवटी मी स्वतः मंचावरून आदराने घेईन. पहिले सहा महिने कोणताही कार्यक्रम करू नये. आधी एका सुरात गाणे, मग दोन आवाजांत, जमल्यास चार आवाजांत. मुलींना पॉप गायचे असेल तर त्यांनी पॉप गावे. गाणी त्यांनीच निवडावीत, आणि ज्यांना शब्द जुळविता येतात त्यांनी स्वतःची गाणीही लिहावीत. वर्षानंतर सणाच्या संध्याकाळी तीसही जणी मंचावर याव्यात. त्यांच्यातून पाच जणींचा गट आपोआप उभा राहिला तर मी सर्वांच्या आधी टाळी वाजवीन, कारण तो गट त्यांनी एकमेकींना ऐकून जमविलेला असेल.

ही योजना फिकी आहे, हे मला कळते. हिच्यात रडणे नाही, धडधड नाही, निकालाची रात्र नाही. हिच्यावर मोबाईलमध्ये पाहण्याजोगी चित्रफीत तयार होणार नाही. शिवाय ही महागही आहे, पैशाने नव्हे, वेळेने; कारण हिच्यात कोणालातरी बावन्न शनिवार थांबावे लागते. म्हणूनच माझे मागणे त्या उत्साही गृहस्थांकडे आहे, आणि मला 'खपत नाही' म्हणणाऱ्या त्या बाईंकडेही आहे. तुम्हाला मुलींचे कौतुक आहे, याविषयी मला शंका नाही. ते कौतुक एका संध्याकाळचे आहे की वर्षाचे, एवढेच ठरवायचे आहे.

येत्या बैठकीत पुन्हा मते घेतली जातील आणि बहुमत माझ्या विरुद्ध गेले तर ते मी मान्य करीन. तेवढी शिस्त माझ्याजवळ आहे. फक्त हात वर करण्यापूर्वी प्रत्येक आईबापाने आपल्या मुलीला त्या गाळलेल्या पंचवीस जणींत उभी करून पाहावी, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शेजारी कोण बसणार आहे, त्याचे नाव मोठ्याने सांगावे. नाव सांगता आले तर स्पर्धा खुशाल घ्या. मी मात्र तोपर्यंत पहिल्या शनिवारी पेटी घेऊन चार वाजता येऊन बसणार आहे. तिचा एक सूर दबलेला आहे आणि मला ती धड वाजवता येत नाही. मागच्या बाकावरची मुलगी पेटी माझ्यापेक्षा चांगली वाजवते, असे तिच्या वडिलांनी मला सांगितले आहे.